डोहाच्या तोंडावरची जागा

कारखान्यात कुणाला कोणत्या वारी सुट्टी द्यायची हे ठरवणारा माणूस मासे खात नसावा, असं माझं तेव्हाही मत होतं आणि आजही आहे. मला त्यानं गुरुवार दिला होता. आमच्या गावात गुरुवारी कोंबडीच्या अंड्याकडेसुद्धा कुणी वाकड्या नजरेनं बघायचं नाही, मग मासे धरायची गोष्ट लांबच.

ही पन्नास सालानंतरची चार-दोन वर्षं. पिंपरीपासून आकुर्डीपर्यंतच्या माळावर तेव्हा कारखाने उभे राहायला लागले होते. त्यातल्या एका बेताच्या औषधाच्या कारखान्यात मी टाक्यांवर होतो. टाक्यांवर म्हणजे काय, तर टाकीला लावलेल्या घड्याळाचा काटा तांबड्या रेघेच्या पुढं जाऊ नये म्हणून आठ तास त्याच्याकडं बघत उभं राहायचं. गावात मी हे सांगितलं तेव्हा आबा, म्हणजे माझे वडील, बराच वेळ विचार करून म्हणाले होते, "राखणच की. आपन पाखरं राखतो, तू काटा राखतोस." मला ते लागलं होतं. पण दुसरी बरी उपमा मलाही अजून सुचलेली नाही.

टाक्यांना सणवार नसतो. त्या रविवारीही रटरटतात आणि दिवाळीलाही. म्हणून आमच्या पाळ्या फिरत्या. एक आठवडा सकाळ, एक आठवडा दुपार, एक आठवडा रात्र. बायको म्हणायची, "तुमच्यापरीस चंद्राचं बरं, त्याचा उगवायचा नेम तरी असतो."

आता डोहाचं सांगतो, म्हणजे माझा जीव कशात अडकला होता ते कळेल. आमचं गाव चाकणच्या पुढं, भामा नदीवर. पावसाळा सरला की नदी ओसरते आणि थंडीत गावाखाली एक लांबट डोह उरतो. त्याच्या खालच्या अंगाला दोन खडकांमधून पाणी वाहून जातं, त्याला आम्ही डोहाचं तोंड म्हणतो. वर्षातून एकदा, थंडीत, भावकीतले सगळे बाप्ये तिथं मासे धरायला उतरतात. वरच्या टोकाला सगळ्यांनी एका ओळीत पाण्यात उभं राहायचं आणि काठ्यांनी पाणी बडवत खाली सरकायचं. मासळी पुढं पुढं पळते आणि शेवटी तोंडातून निसटायला बघते. तोंडावर एकच माणूस असतो. दोन्ही पाय खडकाला रोवून तो बांबूची भलीमोठी टोपली पाण्यात धरून वाकलेला असतो, आणि ऐन वेळेला उचलतो. लवकर उचलली तर टोपलीत नुसता पाला येतो, उशिरा उचलली तर मासळी आत येऊन माघारी गेलेली असते.

ती तोंडावरची जागा आमच्या घराची होती. आज्याची होती, मग आबांची झाली. ओळीत कुणीही कुठंही उभं राहावं, तोंडावर मात्र आमच्याच घरचा माणूस. त्याला सरकारी कागद नव्हता, पण गावात त्या जागेवरून आमचं घर ओळखायचे. 'तोंडावरचं घर कुठलं?' म्हणून विचारलं तर पोरसुद्धा आमच्या दारात आणून सोडायचं. आदल्या थंडीत आबांचा खुबा धरला. टोपली उचलता उचलता ते पाण्यात बसले ते दोघांनी धरून काढावे लागले. बाहेर आल्यावर म्हणाले, "आता फुडच्या साली मी न्हाई. माजा ल्योक हुबा ऱ्हाईल." आणि चुलता सगळ्यांसमोर म्हणाला, "हुबा ऱ्हायला तर त्याची जागा. न्हाई ऱ्हायला तर जो हुबा ऱ्हाईल त्याची." हे त्यानं हसत हसत सांगितलं होतं. माझा चुलता कामाची गोष्ट नेहमी हसत हसतच सांगायचा. त्याचा मुलगा, माझा चुलतभाऊ, माझ्याहून दोन वर्षांनी लहान, हातापायानं दुप्पट, आणि त्याची सुट्टी कुणी ठरवत नव्हतं.

तेव्हा त्या थंडीत मला जायला पाहिजे होतं. मौज म्हणून नव्हे, तशी मौजही होतीच. चार महिने काटा बघून माझ्या डोळ्यांना दुसरं काहीतरी हलताना बघायची भूक लागली होती.

गावानं दिवस ठरवताना सोमवार सोडला, गुरुवार सोडला, शनिवार सोडला, एकादशी सोडली. खंडोबाच्या सटीचे दिवस होऊन जाऊ दिले. उरला तो रविवार. माझी नेमकी रात्रपाळी. म्हणजे शनिवारी रात्री टाक्यांवर, रविवारी सकाळी सात वाजता भोंगा, आणि रविवारी रात्री पुन्हा टाक्यांवर. रजा मागायला गेलो तर सुपरवायझर म्हणाला, "कुणाचं लग्न?"

"लग्न नाही साहेब. मासे धरायला."

त्यानं माझ्याकडं असं बघितलं, जणू काट्यानं तांबडी रेघ ओलांडली होती. मग आमच्या खात्यातला एक मुसलमान फिटर मदतीला आला. त्यानं आपली पाळी बदलून द्यायची तयारी दाखवली, पण शनिवारी रात्री त्याच्याच घरी मेव्हणीचा साखरपुडा निघाला. तो हळहळून म्हणाला, "भाऊ, मासा काय, पुढच्या रविवारी पन असतो पान्यात." त्याला कसं सांगू की मासा असतो, जागा नसते?

शेवटी हिशेब असा बसवला. बायको-पोरांना दोन दिवस आधी गावाला धाडायचं. मी रात्रपाळी करायची, सातला सुटायचं, सायकल हाणायची ती भोसरी, मोशी, चाकण करत थेट डोहावर. थंडीत पाण्यात कुणी उन्हाआधी उतरत नाही. ऊन चांगलं वर आल्याशिवाय ओळ लागत नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. मासे धरायचे, जेवायचं, तासभर पडायचं, आणि संध्याकाळी माघारी सायकल. झोप कधी, असं बायकोनं विचारलं. मी म्हटलं, "डोळे उघडे ठेवायचाच तर पगार घेतो मी."

त्या सकाळी भोंगा झाला आणि मी बाहेर पडणार तोच न्हाणीघराकडं लक्ष गेलं. कारखान्यात एक सुख होतं. गरम पाण्याचा नळ. टाक्यांवर जाताना-येताना हातपाय जंतुनाशक साबणानं धुवायचा कायदा होता आणि त्यासाठी तांबड्या साबणाच्या वड्या ठेवलेल्या असायच्या. बाहेर कडाक्याची थंडी. रात्रभराच्या घामानं अंग आंबलेलं. गावी जायचं, भावकीत उभं राहायचं, चार माणसं बघणार. मी चांगली पाच-सात तांबे आंघोळ केली. साबण एकदा लावला, धुतला, पुन्हा लावला. केसांना वासाचं तेल चोपडलं. धुतलेला सदरा घातला. आरशात बघितलं तर गडी तोंडावर शोभेल असा दिसत होता. आता आठवलं की त्या आरशावरच दगड घालावासा वाटतो.

सायकलवर मात्र मी राजा होतो. मोशीला इंद्रायणीवर धुकं नुसतं तरंगत होतं. कानाच्या पाळ्या बधिर झाल्या होत्या. चाकणच्या वेशीवर एकाच्या शेकोटीला दोन मिनिटं हात धरले, चहा घशात ओतला आणि पुढं निघालो. डोहाच्या काठावर पोचलो तेव्हा ऊन नुकतं डोहाच्या पाण्यावर आलं होतं. ओळ लागलेली नव्हती. माणसं धोतराचे काचे मारत होती. आबा एका खडकावर बसले होते आणि टोपली त्यांच्या पायाशी होती. मला बघून ते उठले. खुब्याला हात लावून, पण उठले.

"आला," ते म्हणाले. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले.

मी सायकल टाकली आणि खाली उतरलो. चुलत्याच्या पाया पडायला वाकलो. तो आशीर्वाद द्यायला म्हणून माझ्या डोक्यावर हात ठेवणार, तो हात त्यानं हवेतच थांबवला आणि नाक वर केलं.

"कुनाच्या लगनाला निगालास रं?"

"का काका?"

"आरं वास काय सुटलाय!"

चुलतभाऊ जवळ आला. त्यानं माझ्या खांद्यावर नाक टेकवलं आणि ओरडला, "दवाखाना आलाय राव, चालत दवाखाना आलाय! ह्याला पान्यात सोडा, मासं बरं हून वर येतील." सगळी ओळ हसली. मीही हसलो. मला वाटलं, हे नेहमीचंच.

पण चुलता हसत नव्हता. म्हणाला, "साबन लावलास?"

तेव्हा मला आठवलं. आमच्याकडं मासे धरायच्या दिवशी अंगाला तेल-साबण लावत नाहीत. उलट पाण्यात उतरायच्या आधी डोहाकाठची शेवाळ-माती हातापायाला चोळतात, म्हणजे माणसाचा वास मासळीला लागत नाही. हे मी लहानपणापासून ऐकलेलं होतं. पण लहानपणी घरात साबण होताच कुठं? जे घरात नाही ते लावू नये, हा नियम पाळायला काही लागत नाही. माझे आजे-पणजे हा नियम जन्मभर न चुकता पाळत आले आणि तो पहिल्यांदा मोडायचा मान माझ्याकडं आला, कारण आमच्या घराण्यात गरम पाण्याचा नळ बघितलेला पहिला माणूस मी.

"माती चोळ," आबा म्हणाले. "चोळ, चोळ, जातंय."

मी सदरा काढला आणि चिखलात बसलो. हातांना, छातीला, मानेला, केसांनासुद्धा माती चोळली. वाळूनं घासलं. कातडी लाल झाली. त्या थंडीत ओला चिखल अंगाला लावून बसलेला तीस-बत्तीस वर्षांचा बाप्या, दोन पोरांचा बाप. चुलत्यानं वाकून पुन्हा वास घेतला. ओलं झाल्यावर साबण जास्तच दरवळायला लागला होता. मलाच येत होता.

"मातीनं जातोय व्हय त्यो? आतनं यायला लागलाय."

"काका, सगळी खोटी समजूत. मासळीला काय कळतंय साबणातलं?"

हे मी बोलायला नको होतं. एकजण म्हणाला, "शहरात कळत नसंल. हितल्या मासळीला कळतं."

आबा म्हणाले, "तोंड आमचं हाय."

"आमचं-तुमचं काय दादा?" चुलता अगदी मऊ आवाजात म्हणाला. "तोंडच न्हवं का ते? समद्या गावाची मासळी तितनं जानार. हा तितं हुबा ऱ्हायला आन मासळी फिरली, तर पोरंबाळं काय खातील? वरीसभर वाट बगितलीया लोकांनी."

"मग मी ओळीत उभा राहतो," मी म्हटलं.

"ओळ वरच्या अंगाला. तुजा वास पान्यासंगं फुडं जानार. तू आपला वर बस. दमून आलायस. रातभर जागा हायस." आणि मग मागं वळून आपल्या मुलाला, "टोपली घे रं."

मासळीला साबणाचा वास खरंच कळतो का, हे मला आजतागायत ठाऊक नाही. चुलत्याला तरी ठाऊक होतं का, कुणास ठाऊक. मी साबण लावला नसता तर माझ्या सायकलच्या तेलाचा वास आला असता, की माझ्या अंगाला नुसता शहराचाच वास आला असता, याचाही मी फार विचार केलेला आहे. पण मी साबण लावला होता हे खरं. समोरच्याला निमित्त शोधायचे कष्टसुद्धा मी पडू दिले नाहीत. अंगाला चोपडून, सायकलवर घालून, घाम गाळत ते मी स्वतः आणून दिलं.

मी वर चढलो. खडकावर बसणार तर एका पोरानं धावत घोंगडी आणून अंथरली. डोहावर घोंगडी अंथरलेली मी कधी बघितली नव्हती. आबा माझ्या शेजारी बसले, पण घोंगडीवर नाही, खडकावरच. मग कुणाच्या तरी घरून चहा आला. मला कपबशीतून. बाकीच्यांना पितळीतून.

ओळ लागली. काठ्या पाण्यावर पडायला लागल्या, हाळ्या उठल्या. डोहाचं काळं पाणी ढवळून निघालं. खाली तोंडावर चुलतभाऊ पाय रोवून वाकला होता. त्याला सवय नव्हती, त्याचं सगळं लक्ष येणाऱ्या माणसांकडं होतं, पाण्याकडं नव्हतं. मी आबांकडं बघितलं. ते डोहाकडं बघत नव्हते, जमिनीकडं बघत होते. पण ओळ अर्ध्यात आली आणि त्यांची मान वर झाली. मग त्यांचे हात मांडीवरून उचलले गेले. दोन्ही तळवे वर, बोटं वाकलेली, टोपलीच्या कडा धरल्यासारखी. मी त्यांच्या मनगटांच्या शिरा बघत होतो. ओळ जवळ आली, तोंडाशी पाण्यावर बारीक बुडबुडे उठले, चुलतभावानं टोपली वर घ्यायला खांदे उचलले, आणि माझा बाप खडकावरून ओरडला,

"आत्ता न्हाई! थांब! थांब... आत्ता! उचल!"

चुलतभावानं उचलली. टोपली त्याच्याच्यानं उचलवेना, दोघे धावले. मरळी, वाम, शिंगाळे, नुसती चांदी उसळत होती. अशी टोपली चार-पाच वर्षांत निघाली नव्हती. सगळे ओरडत होते. चुलतभाऊ काठाकडं बघून हसला आणि म्हणाला, "मोठ्या आबा, कशी काय उचलली?"

आबांनी आपले हात खाली घेतले, आणि ते दुसऱ्याचे असावेत तसे त्यांच्याकडं बघत राहिले. "बेस," ते म्हणाले.

मला त्यांचा राग आला होता. गप्प बसले असते तर टोपलीत पाला आला असता आणि वर्षभर गाव चुलत्याला हसलं असतं. पण तीस वर्षं ज्यानं त्या जागेवर मासळी पकडली त्याला मासळी सुटलेली बघवणार कशी? हे मला पुढं पुष्कळ वर्षांनी उमगलं. त्या घोंगडीवर मला फक्त चिखल वाळून ताणलेली कातडी जाणवत होती.

मग वाटे पडले. पळसाची पानं ओळीनं मांडली आणि पाण्यात उतरलेल्या प्रत्येकाचा एक वाटा, सगळे सारखे. वयानं कमी-जास्त नाही, घरानं नाही. चुलता वाटे घालत होता. पण सगळ्यांच्या आधी त्यानं एक मोठं पान वेगळं ठेवलं, टोपलीतली सगळ्यांत जाड मरळ उचलली, तिच्यावर आणखी दोन वामी ठेवल्या आणि ते पान दोन्ही हातांनी घेऊन माझ्याकडं आला.

"पाव्हन्याचा वाटा आदी."

काठावर कुणी परगावचा सोयरा बसलेला असेल तर त्याला पहिला आणि मोठा वाटा द्यायची रीत होती. कुणाचा जावई, कुणाचा मेव्हणा. मी लहानपणी अशा वाट्यांकडं आशेनं बघायचो आणि बाप म्हणायचा, "आपल्याला सारका मिळतो, घरच्याला सारकाच असतो."

"काका, मला नको. घरात द्या तो. आबांचा वाटा म्हणून द्या."

"दादा पान्यात उतरलं न्हाईत की. उतरल्याला वाटा. आन तू न्हाई म्हनू नगंस, पाव्हन्यानं न्हाई म्हनलं की मासळी रुसती." त्याच्या चेहऱ्यावर खोट शोधली, सापडली नाही. तो मनापासून देत होता. त्यामुळंच मला पान घ्यावं लागलं.

घरी आलो. आमच्या आईच्या गळ्यात तुळशीची माळ, तेव्हा मासळी घराच्या चुलीवर चढत नाही. ती अंगणात, तीन दगडांवर, वेगळ्या भांड्यात. बायकोनं मरळ बघितली, माझ्या अंगावरचा वाळका चिखल बघितला, आणि काय झालं ते मी न सांगता निम्मं ओळखलं. उरलेलं सांगितल्यावर ती विळीवर बसत म्हणाली, "साबण कंपनीचा, मासा पाहुण्याचा. आपलं काय हो ह्यात?"

"हळू बोल," मी म्हटलं.

"हळूच बोलते. पाहुण्याच्या बायकोनं मोठ्यानं बोलू नये."

तिनं कालवण मात्र फक्कड केलं. लसूण, तांबडी चटणी, वर कोथिंबीर. उन्हं कलायला लागली होती, मला निघायचं होतं. अंगणात पानं मांडली. पोरं बसली, मी बसलो. आबांचं पान माझ्या शेजारी होतं. ते ओसरीवरून उठले, अंगणात आले, पानाशी क्षणभर थांबले आणि तसेच पुढं घरात गेले. आत आई आपल्यापुरतं पिठलं टाकत होती.

"मला बी वाड," ते म्हणाले.

"अवो, बाहीर मासळी हाय की. तुमची आवडती."

"आज माळकऱ्याच्या पंगतीला बसतो."

"माळ घातली का काय?"

"न्हाई. पन मी ह्या गावात पाव्हना न्हाई."

बाहेर मी पहिला घास हातात धरून बसलो होतो. बायकोनं माझ्याकडं बघितलं नाही, ती पोरांच्या पानातले काटे काढत राहिली. मला तो घास खाली ठेवता आला असता. आत जाऊन पिठल्याला बसता आलं असतं, त्यानं गोष्ट तरी चांगली झाली असती. पण रात्रभर जागा होतो, तेवढी सायकल हाणली होती, तेवढीच पुन्हा हाणायची होती, पुढं आठ तास काटा होता, आणि भूक सपाटून लागली होती. मी खाल्लं. मरळ गोड होती. मी दुसऱ्यांदाही वाढून घेतलं.

आत ताटलीचा आवाज झाला. मग आबांचा आवाज आला, मऊ, कधी नव्हे इतका सांभाळून घेणारा. सोयऱ्याशी बोलतात तसा.

"काटं बगून खा रं बाबा. सवय मोडली असंल."